आपापली बादली

१

सह्याद्री इमारतीच्या नळांना रक्त आलं, तेव्हा निम्म्या घरांनी आधी बादल्या भरून घेतल्या आणि मग त्यांत डोकावून पाहिलं.

वैदेही कानिटकरला हे नंतर कळलं. त्या सकाळी ती डमडमला मैत्रिणीकडे गेली होती. बालीगंजला परतून गल्लीत वळली तर इमारतीच्या फाटकातून धप धप आवाज येत होता. कुणीतरी गाद्या बडवतंय असं वाटून ती आत शिरली. अंगणात माणसांचं कडं होतं आणि सगळी माणसं ओळखीची होती. आजोबांच्या पिढीत कलकत्त्याला आलेल्या मराठी कुटुंबांनी मिळून बांधलेली ही इमारत. गणपतीत ह्याच अंगणात टाळ वाजवणारे हे सभ्य लोक खाली पडलेल्या कुणाला तरी लाथा घालत होते.

पायांच्या गर्दीतून तिला एक चप्पल दिसली. ती तिनंच उन्मेषला घेऊन दिली होती.

पुढचं तिला नीट आठवत नाही. हातातली पर्स तिनं कुणाच्या तरी तोंडावर मारली, कोपरानं वाट काढली आणि ती भाच्याच्या अंगावर पालथी पडली. एक लाथ तिच्या पाठीत बसली. उन्मेष तिच्या भावाचा मुलगा. भाऊ आणि वहिनी गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं होतं. आता त्याचा एक डोळा मांसात बुडाला होता, तोंडातून दाताचा तुकडा आणि रक्ताचा फेस येत होता.

"आत्या," तो म्हणाला, "मी बाहेर काढत होतो त्यांना."

"हात बघा त्याचे!" पहिल्या मजल्यावरचा शशिकांत ओरडला. बँकेतला मोठा साहेब, पण शर्टाची बटणं तुटली होती आणि श्वास लागला होता. "विनायकला मारलंय ह्यानं! पाण्याच्या टाकीत टाकलंय!"

उन्मेषचे हात कोपरापर्यंत लाल होते, आणि हातांवर जखम एकही नव्हती.

पोलीस आले. इन्स्पेक्टर लाहिरी गच्चीवर गेले आणि भिजलेल्या बाह्यांनी खाली उतरले. "टाकीत सेक्रेटरी देवधरच आहेत," ते म्हणाले. "मागून डोकं फोडलंय. लोखंडी पाना शेजारीच पडलाय." मग स्ट्रेचरवरच्या उन्मेषकडे बघून त्यांनी शिपायाला सांगितलं, "ह्याच्याबरोबर जा. दारातून हलायचं नाही."

२

डॉक्टरांनी प्लीहा काढून टाकली. डोळ्याचं काही सांगता येत नाही म्हणाले.

लाहिरी वयानं लहान आणि स्वभावानं बरा माणूस होता. हॉस्पिटलच्या बाकावर वैदेहीशेजारी बसून तो हिंदी-बंगालीची मिसळ करत, मावशीच्या नात्यानं बोलू लागला. "माशीमा, मला वाईट वाटतं. पण काल जिन्यात पाण्यावरून ह्यानं सेक्रेटरींना सगळ्यांदेखत 'तुम्हालाच टाकीत बुडवतो' असं म्हटलं. आज ग्रुपवर निरोप आला, हा ओरडत वर गेला आणि रक्तानं माखून खाली आला. मध्ये दुसरं कुणीच वर गेलं नाही. उद्या दुपारी कागद कोर्टात जातील."

"तो निरोप दाखवा."

लाहिरीनं फोन पुढे केला. इमारतीच्या ग्रुपवर विनायक देवधरांच्या नावानं आलं होतं: *टाकी धुवायची आहे. थोड्या वेळात पाणी बंद होईल. सर्वांनी भरून ठेवावे.*

वैदेहीनं तो दोनदा वाचला.

ती रेल्वेत होती. सियालदाच्या कंट्रोल ऑफिसात बसून तिनं उमेदीची सारी वर्षं गाड्या हलवण्यात घालवली होती. बराकपूरची लोकल लेट झाली की प्रवासी ड्रायव्हरच्या नावानं खडे फोडत. तिथं बसणाऱ्याला मात्र माहीत असायचं, की पलीकडे कुठंतरी फाटक बंद झालं नाही, कारण लोक थांबले नाहीत, कारण आधीची गाडी लेट होती. कोणी केलं ह्यापेक्षा कशामुळे काय हललं, हे बघायची सवय तिच्या हाडात मुरली होती. निवृत्त झाल्यावर ह्या सवयीचा घरच्यांना नुसता त्रास व्हायचा. भाजी करपली तरी ती गॅसपासून चौकशी सुरू करायची.

"हा निरोप विनायकनं लिहिलेला नाही," ती म्हणाली.

"फोन त्यांचा होता. टाकीच्या झाकणाजवळ सापडला. त्यांच्या अंगठ्यानं उघडतो."

"अंगठा त्याचाच असेल. तो जिवंत होता का, ते विचारा."

३

लाहिरीला पटलं नाही, आणि ते साहजिक होतं. ते पटायला सह्याद्रीत राहावं लागतं.

इथली गोष्ट साधी होती. दोन वर्षांमागे उन्हाळ्यात एकदा पाणी अपुरं पडलं. घाबरून लोकांनी पिंपं आणली. पुढच्या वेळी पाणी जाणार म्हटल्याबरोबर सगळे एकदम नळ सोडून बसले, शिळं ओतून ताजं भरू लागले, आणि टाकी बघता बघता रिकामी झाली. पाणी आणखी अपुरं पडलं, म्हणून आणखी पिंपं आली. तळमजल्यावरच्या हेमानं छोटा पंप बसवला, मग शशिकांतनं बसवला. तिसऱ्या मजल्यावर वैदेहीच्या घरी नळ नुसता सुस्कारे टाकायचा. आपण एक पिंप जास्त भरतो त्यानं काय होतंय, असं प्रत्येकाला वाटायचं. आणि कुणीतरी पाणी चोरतंय, अशी प्रत्येकाची खात्री होती.

विनायकला एवढंच उमगलं होतं, की आधी सांगितलं की पाणी संपतं. म्हणून तो गुपचूप वर जाऊन आधी व्हॉल्व्ह बंद करायचा आणि मग निरोप टाकायचा. लोक शिव्या घालायचे, पण पाणी पुरायचं. हे असं का, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं. सगळ्यांना तो त्याचा आडमुठेपणा वाटायचा.

असा माणूस 'भरून ठेवावे' लिहील?

दुसऱ्या दिवशी सकाळी वैदेही इमारतीत आली. पोलिसांनी टाकीला सील लावलं होतं. अंगणभर ब्लीचिंगचा वास होता, घराघरांतली पिंपं उलटी करून घासली जात होती आणि मोरीच्या तोंडाशी अजून गुलाबी डाग होता. बायकापुरुष रस्त्यावरच्या नळाला रांग लावून उभे होते. वैदेहीला बघून सगळ्यांच्या नजरा चपलांवर गेल्या.

शशिकांत तिला टाळू शकला नाही, कारण तो जिन्यातच भेटला.

"वैदेहीताई, झालं ते वाईट झालं," तो म्हणाला. "पण मी एकच थोबाडीत मारली हो त्याला. आईशप्पथ."

"विनायकचं कुणाशी वाकडं होतं?"

"सगळ्यांशीच. पण गेल्या आठवड्यापासून तो जरा बिथरलाच होता. बराकपूरला गेला होता, हरेनच्या बायकोला भेटायला. परत आल्यावर जेवेना. मला म्हणाला, चोर कधी नव्हताच, शशी."

हरेन इमारतीचा केअरटेकर होता. फाल्गुनात त्याच्यावर पाणी विकल्याचा आळ आला, अंगणात त्याला चोप मिळाला, आणि मग म्हणे तो जिन्यावरून पडून मेला. वैदेही तेव्हा गावाला होती. परत आली तेव्हा नवा केअरटेकर येऊन बसला होता आणि त्या विषयावर कुणी बोलत नव्हतं.

"हरेन जिन्यावरून कसा पडला रे?"

शशिकांतनं हातातली कळशी दुसऱ्या हातात घेतली. "तुमच्या समोरच्या दारातला चारुदत्त त्याला वर घेऊन गेला होता. टाकीचा व्हॉल्व्ह दाखव म्हणून. मागून विनायक गेला. आम्ही खालीच होतो."

खाली हेमा दारातच पिंप घासत बसली होती. तिशी उलटलेली, बोलायला फटकळ बाई, पण आज मान वर करत नव्हती.

"हेमा, काल निरोप आल्यावर पहिली बादली लावलीस, ती कशी होती?"

"कशी म्हणजे?"

"रंग कसा होता?"

हेमाचा हात थांबला. "तांबूसच होती. मला वाटलं गंज. ती ओतली आणि दुसरी लावली."

"आणि उन्मेष तेव्हा कुठं होता?"

"जिन्यात. वर चालला होता, ओरडत. आवाज येत होता ना." एवढं बोलून तिला आपण काय बोललो ते कळलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"म्हणजे तो गच्चीवर पोचायच्या आधीच पाण्यात रक्त होतं. हे काल पोलिसांना का नाही सांगितलंस?"

हेमा उठली, घरात गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

४

चारुदत्त वैदेहीच्या समोरच्या दारात राहायचे. निवृत्त इंजिनियर, विधुर, सोसायटीचे उपसेक्रेटरी आणि विनायकचे जुने मित्र. उकाड्यामुळे त्यांचं दार नुसतं लोटलेलं होतं.

"या या, वैदेहीताई. उन्मेष कसा आहे?" त्यांचा आवाज भरून आला. "पोरगं तापट आहे, पण असं करेल वाटलं नव्हतं. बसा. चेहरा किती उतरलाय तुमचा. काही पोटात गेलंय का? चहा टाकतो."

"नको, कशाला."

"असं कसं? दारात आलेल्या माणसाला मी चहाशिवाय कधी पाठवलंय?"

हे खरंच होतं. इमारतीत चारुदत्तांच्या चहाची ख्याती होती. ते स्वयंपाकघरात गेले, वैदेही दाराशी उभी राहिली. कुणी विचारलं नाही तरी आपली हकीकत सांगायची घाई काहींना असते.

"निरोप आला तेव्हा मी इथंच होतो. हे बघा, ह्याच नळाखाली पिंप भरत होतो. सगळ्यांसारखाच. नळ चालू असला की ह्या घरात दुसरं काही ऐकू येत नाही. नाहीतर मी धावलो नसतो? माझा मित्र होता तो."

"हो ना," वैदेही म्हणाली.

चारुदत्तांनी निळ्या पिंपाचं झाकण बाजूला केलं, पातेलं आत बुडवलं आणि गॅसवर ठेवलं. आल्याचा तुकडा ठेचला. साखर किती, विचारलं.

वैदेहीनं पुढे होऊन पिंपात पाहिलं. अर्ध्यावर पाणी होतं, एक-दोन दिवसांचं, वर धुळीचा पातळ पापुद्रा धरलेलं. खाली पिंपाचा तळ लख्ख दिसत होता.

५

अख्ख्या इमारतीत काल ज्यानं ज्यानं नळ सोडला, त्याच्या पिंपात विनायक उतरला होता. आणि हा माणूस म्हणत होता की आपणही भरत होतो.

त्यांनी भरलंच नव्हतं. पाणी बंद होणार नाही हे त्यांना माहीत होतं, आणि त्या पाण्यात काय आहे हेही. कोण काय करेल ह्याचा चोख हिशेब ह्या इंजिनियरनं मांडला होता. निरोप आला की सगळे आपापल्या नळाशी जातील, जिना ओस पडेल आणि भांडखोर उन्मेष एकटाच वर धावेल. हिशेबात एकच माणूस राहिला, तो स्वतः. सगळ्यांसारखं वागायला तो विसरला.

वैदेहीनं फोन काढला. लाहिरी ठाण्यात होता, तिथून यायला वेळ लागला असता. माणसं जिन्याखालीच होती. 'वाचवा' लिहिलं तर कुणी येईल, इतकं चांगलं तिचं ह्या लोकांविषयी आता मत नव्हतं. काय लिहिलं की येतील, ते तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं इमारतीच्या ग्रुपवर टाकलं: *चारुदत्तभाऊंकडे पाणी आहे. पटकन या, संपत आलंय.*

"कुणाला लिहिताय?" चारुदत्तांनी न वळता विचारलं.

"घरी. दूध आलं का विचारते."

गॅस बंद झाला.

"घरी कोण आहे तुमच्या, वैदेहीताई?"

ती दाराकडे वळेपर्यंत त्यांनी तिचे केस धरले. उकळता चहा तिच्या पायावर सांडला. साठीच्या माणसात इतकी ताकद असेल असं तिला वाटलं नव्हतं. त्यांनी तिचं डोकं पिंपाच्या काठावर आपटलं, एकदा, पुन्हा एकदा, आणि मग आत दाबलं. नाकातोंडात पाणी गेलं. तिनं नखांनी त्यांचे हात ओरबाडले. डोळ्यांसमोर तिच्या स्वतःच्या रक्ताची लाल रेघ त्या स्वच्छ पाण्यात पसरली आणि तिच्या मनात आलं, आता झालं ह्यांचं पिंप सगळ्यांसारखं.

"विनायकसुद्धा असाच!" वरून आवाज येत होता. "सांगतो म्हणे पोलिसांना! कुणी विचारलं होतं का त्याला? हरेन गेला, विषय संपला होता!"

जिन्यात बादल्यांचा खणखणाट झाला. दार ढकललं गेलं. पुढे हेमा होती, हातात लोखंडी बादली घेऊन. तिनं पाहिलं आणि क्षणाचाही विचार न करता ती बादली चारुदत्तांच्या कानशिलात घातली.

वैदेही फरशीवर कोसळून ओकली. वर मान केली तेव्हा स्वयंपाकघर माणसांनी भरलं होतं आणि चारुदत्त खाली होते. शशिकांतनं त्यांची कॉलर धरली होती. कुणी लाथ घातली, कुणी कळशी उगारली. कालचाच आवाज होता तो, धप धप. चेहरेही कालचेच, तितकेच खात्रीचे.

"थांबा!" तिच्या घशातून नीट शब्द फुटेना. ती रांगत पुढे गेली आणि आपल्याला बुडवणाऱ्या माणसाच्या अंगावर आडवी झाली. "हात लावायचा नाही कुणी! ह्यालाही नाही!"

"अहो ताई, खुनी आहे तो!" शशिकांत ओरडला.

"काल उन्मेष होता. फाल्गुनात हरेन होता. दर वेळी तुमची खात्री असते रे!"

कळशी हळूहळू खाली आली.

६

चारुदत्तांनी लाहिरीसमोर सगळं कबूल केलं, पण पश्चात्तापानं नव्हे. आपली योजना किती बरोबर होती ते ऐकवायला. हरेनला त्यांनीच जिन्यावरून ढकललं होतं आणि विनायकनं ते पाहिलं होतं. तो तेव्हा गप्प बसला, कारण हरेन चोर आहे असं त्यालाही वाटत होतं. पण हरेन मेल्यावरही पाणी संपतच राहिलं. मग व्हॉल्व्हची युक्ती करून पाहिल्यावर त्याला कळलं की पाणी चोरीला जातच नव्हतं, भीतीपोटी सगळेच ते उपसत होते. एका निरपराध माणसाचा जीव गेला, हे घेऊन त्याला जगता येईना. त्यानं चारुदत्तांना गच्चीवर बोलावून सांगितलं, की मी पोलिसांकडे चाललोय, तूही चल. पाना तिथंच पडला होता. नंतर निरोप टाकायला त्यांनी मेलेल्या मित्राचा अंगठा आपल्या धोतरानं पुसून फोनवर टेकवला. रक्ताचं ते धोतर माळ्यावरच्या ट्रंकेत सापडलं.

उन्मेषच्या दारातला शिपाई उठला. लाहिरीनं जाताना वैदेहीला नमस्कार केला आणि दाराबाहेर घुटमळत म्हणाला, "माशीमा, त्याला मारणाऱ्यांचं काय? मी एकेकाला विचारलं. प्रत्येक जण म्हणतो, एकच मारली. एकेका थोबाडीत प्लीहा कशी फुटली, तेच कळत नाही."

चौथ्या दिवशी सह्याद्रीतली मंडळी हॉस्पिटलात आली. संत्री, मोसंबी, कुणी शिरा आणला होता. व्हरांड्यात घोळका करून उभी राहिली. सगळ्यांच्या वतीनं शशिकांत पुढे झाला. "ताई, आम्ही सगळ्यांनी मिळून माफी मागायचं ठरवलंय."

वैदेहीनं आत जाऊन उन्मेषला सांगितलं. एका डोळ्यावर पट्टी होती. तो डोळा गेला होता. दुसऱ्या डोळ्यानं तो पंख्याकडे बघत होता. वैदेहीला त्याच्याकडे पाहवत नव्हतं. ह्याच्यासाठी त्या सगळ्यांना जन्मभर पाण्यावाचून ठेवावं, असं तिला मनापासून वाटत होतं.

"सगळे मिळून नको, आत्या," तो म्हणाला. त्याचं मराठी नेहमीच जरा अडखळतं, आता ओठांच्या टाक्यांमुळे आणखीच. "सगळे मिळून आले की कोणीच येत नाही. एकेकाला पाठव. कुणी काय केलं, ते आपलं आपलं सांगायचं. माफी नंतर."

वैदेहीनं बाहेर येऊन ते जसंच्या तसं सांगितलं.

शशिकांतनं मागे वळून पाहिलं. मागच्यांनी त्यांच्या मागे पाहिलं. कुणीतरी म्हणालं, आत्ता कशाला त्याला त्रास. कुणाला ऑफिसची आठवण झाली. शिऱ्याचा डबा बाकावर ठेवून एक बाई हळूच जिन्याकडे गेली. घोळका बघता बघता विरळ झाला, आणि वैदेही दार धरून नुसती उभी राहिली.

शेवटी हेमा पुढे आली. तिच्या हातात काही नव्हतं. वैदेहीकडे न बघता ती आत गेली, पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली आणि तिनं दोन्ही हातांनी पलंगाची कड घट्ट धरली.

"उन्मेष," ती म्हणाली, "तू पळून जाणार होतास. तुझे पाय मी धरले होते."